छोट्या कॉलेजांतील जीवशास्त्र आणि खर्चाच्या यादीत न दिसणारा पैसा

अमेरिकेतील विद्यापीठे आणि कॉलेजे संशोधनावर किती पैसा खर्च करतात, याची मोजदाद नॅशनल सायन्स फाउंडेशन, म्हणजे एनएसएफ, दरवर्षी करते. ‘हर्ड’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पाहणीनुसार २०२३ या आर्थिक वर्षात हा खर्च सुमारे १०९ अब्ज डॉलर झाला, आणि त्यातला निम्म्याहून अधिक पैसा वैद्यक, जीवशास्त्र, कृषिविज्ञान अशा जीवविज्ञानांच्या शाखांवर गेला. यादीच्या शिरोभागी, गेली कित्येक दशके असते तसे, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ आहे. त्या एकट्या संस्थेचा वर्षाचा खर्च साडेतीन अब्ज डॉलरच्या वर जातो. या यादीत खाली उतरत गेले की बऱ्याच उशिरा लिबरल आर्ट्स कॉलेजांची नावे दिसू लागतात. त्यांतल्या अनेकांच्या नावापुढे काही लाख डॉलरच असतात, आणि कित्येकांचे नावच नसते, कारण वर्षाला किमान दीड लाख डॉलर खर्च न करणाऱ्या संस्थांची या पाहणीत गणनाच होत नाही.

मी अशाच एका छोट्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. ही यादी पाहून ‘तिथे संशोधन असे काही होत नाही’ असा निष्कर्ष काढणारे लोक मला वारंवार भेटतात, त्यात भारतातून मुलांना इकडे पाठवू पाहणारे पालकही असतात. म्हणून या आकड्यांत काय मोजले जाते, काय मोजले जात नाही, आणि जो थोडा पैसा या कॉलेजांत येतो त्याचे नेमके काय होते, हे सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते.

लिबरल आर्ट्स कॉलेज म्हणजे साधारण दीड ते अडीच हजार विद्यार्थ्यांचे, चार वर्षांच्या पदवीपुरते, बहुधा निवासी कॉलेज. स्वार्थमोर, पोमोना, ग्रिनेल, ॲमहर्स्ट, ओबरलिन, कार्लटन ही त्यांतली प्रसिद्ध नावे. त्यांच्याखेरीज अशी शेकडो कॉलेजे ओहायो, पेनसिल्वेनिया, आयोवा, मिनेसोटा अशा राज्यांत लहान गावांमधून विखुरलेली आहेत. यांत पीएच.डी. नसते. म्हणजेच मोठ्या विद्यापीठातील प्रयोगशाळा ज्यांच्या बळावर चालते, ते पीएच.डी.चे विद्यार्थी आणि पोस्टडॉक (पीएच.डी. झाल्यावर काही वर्षे प्रयोगशाळेत संशोधन करणारे), हे मनुष्यबळच इथे नसते. प्रयोग करतात ते वीस-एकवीस वर्षांचे पदवीचे विद्यार्थी आणि त्यांच्या शेजारी उभे राहून स्वतः पिपेट हातात धरणारे प्राध्यापक, ज्यांना वर्षाला पाच-सहा विषय शिकवायचेही असतात.

आता मोजदादीकडे वळू. हर्डमध्ये धरला जातो तो संशोधनासाठी स्वतंत्र अंदाजपत्रक असलेला खर्च. एखाद्या प्राध्यापकाने नऊ महिन्यांच्या पगारातल्या आपल्या वेळेतून मंगळवारची दुपार दोन विद्यार्थ्यांबरोबर सूक्ष्मदर्शकापाशी घालवली, तर तो वेळ हिशोबात अध्यापनाच्या खाती पडतो. विद्यार्थ्याने प्रबंधासाठी वर्षभर केलेले काम तर कुठल्याच खाती पडत नाही. उलट त्या कामाचे श्रेयांक मिळवण्यासाठी त्याने फी भरलेली असते. वर्गातील प्रॅक्टिकलच खऱ्या संशोधनाभोवती बांधण्याची पद्धत गेल्या पंधरा-वीस वर्षांत रुजली आहे, तिचा रसायनांपासून काचसामानापर्यंतचा खर्चही सहसा शिक्षणाच्याच खात्यात जातो. मोठ्या विद्यापीठात संशोधनाचा बहुतांश खर्च बाहेरून आलेल्या अनुदानातून होत असल्यामुळे तो यादीत दिसतो, आणि छोट्या कॉलेजात त्याचा मोठा भाग पगार आणि फी यांत मुरलेला असल्यामुळे दिसत नाही. या यादीला मी निरुपयोगी म्हणत नाही. बाहेरून आलेल्या पैशाचा माग काढायला ती उत्तम आहे. पण तिच्यावरून छोट्या कॉलेजातील संशोधनाचा अंदाज बांधणे म्हणजे घरातली पोळीभाजी जमेस न धरता फक्त हॉटेलच्या बिलावरून कुटुंबाच्या जेवणाचा अंदाज करणे होय.

बाहेरून येणाऱ्या पैशाचे मार्ग मोजके आहेत. राष्ट्रीय आरोग्य संस्था, म्हणजे एनआयएच, १९८५ पासून अशा संस्थांसाठी ‘एरिया’ नावाची योजना चालवते. आमच्यात तिला ‘आर-१५’ म्हणतात. एनआयएचकडून ज्या संस्थेला गेल्या सात वर्षांपैकी चार किंवा अधिक वर्षांत दरसाल ६० लाख डॉलरहून जास्त पैसे मिळाले, तिला हे अनुदान मागता येत नाही. एनएसएफकडे पदवी संस्थांतील संशोधनासाठी ‘आरयूआय’ हा वेगळा मार्ग आहे, ज्यात प्रस्तावाबरोबर त्या संशोधनाचा विद्यार्थ्यांवर आणि संस्थेवर काय परिणाम होईल, याचे निवेदन जोडावे लागते. हॉवर्ड ह्यूज मेडिकल इन्स्टिट्यूटने १९८८ पासून पदवी कॉलेजांना विज्ञानासाठी मोठी अनुदाने दिली. वायव्येकडील राज्यांत मर्डॉक ट्रस्ट आहे, आणि भौतिक विज्ञाने व रसायनशास्त्र यांसाठी १९१२ मध्ये स्थापन झालेली रिसर्च कॉर्पोरेशन.

आर-१५ चा हिशोब थोडा उलगडून सांगते, कारण सगळी गोम त्यात आहे. कित्येक वर्षे या अनुदानाची थेट खर्चाची, म्हणजे प्रत्यक्ष संशोधनावरच्या खर्चाची, मर्यादा तीन वर्षांना मिळून ३ लाख डॉलर होती, म्हणजे वर्षाला १ लाख. मोठ्या विद्यापीठातील नेहमीचे अनुदान म्हणजे आर-०१. त्यात सुटसुटीत अंदाजपत्रकाचा मार्ग घेतला तरी वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत थेट खर्च मागता येतो, तोही बहुधा चार-पाच वर्षांसाठी, आणि एकाच प्रयोगशाळेत अशी दोन-तीन अनुदाने एकाच वेळी असणे मुळीच नवलाचे नाही. एनआयएचने २०२४ मध्ये ठरवलेले नवख्या पोस्टडॉकचे किमान विद्यावेतन ६१,००८ डॉलर होते. त्यावर आरोग्यविमा आणि इतर लाभ धरले, तर आर-१५ च्या एका वर्षातला बहुतेक पैसा एका माणसावरच संपेल. म्हणून छोट्या कॉलेजात पोस्टडॉक ठेवण्याचा विचार सहसा कोणी करत नाही. त्याऐवजी उन्हाळ्याचे दहा आठवडे चार विद्यार्थी ठेवले जातात. आठवड्याला ६०० ते ७०० डॉलर विद्यावेतन धरले तर चौघांचे मिळून २४ ते २८ हजार डॉलर होतात, शिवाय वसतिगृहाचे भाडे. प्राध्यापकाचा पगार नऊ महिन्यांचाच असल्याने उन्हाळ्यातला एखादा महिना अनुदानातून घेतला जातो. उरलेल्यातून एन्झाइम, प्रतिपिंडे, डीएनए वाचून घेण्याचे शुल्क, आणि वर्षाकाठी दोन विद्यार्थ्यांना एखाद्या परिषदेत पोस्टर मांडायला नेण्याचा खर्च.

एवढ्या पैशांत कोणते जीवशास्त्र परवडते? उंदीर बहुधा नाही. पृष्ठवंशी प्राणी ठेवायचे आणि त्यासाठी एनआयएचचा पैसा घ्यायचा, तर संस्थेत प्राण्यांच्या देखभालीवर लक्ष ठेवणारी किमान पाच सदस्यांची समिती लागते, आणि त्यात पशुवैद्य व संस्थेबाहेरची एक व्यक्ती असावी लागते. पिंजरे दहा असोत वा दहा हजार, समिती तेवढीच लागते. हा नियम योग्यच आहे, पण त्याचा भार दोन हजार विद्यार्थ्यांच्या कॉलेजाला जितका जाणवतो तितका मोठ्या विद्यापीठाला जाणवत नाही. फळमाशी, गोलकृमी, यीस्ट, जिवाणू, वनस्पती यांना ही अट लागू नाही, आणि छोट्या कॉलेजांतील जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांत याच जीवांची इतकी रेलचेल का असते, याचे एक कारण हेही आहे.

फळमाशीचे घ्या. इंडियाना विद्यापीठाच्या ब्लूमिंग्टन येथील संग्रहातून हव्या त्या जनुकीय बदलाच्या माश्या लहान नळ्यांतून टपालाने येतात, अल्प शुल्कात. त्यांचे खाद्य आम्ही प्रयोगशाळेतच शिजवतो: मक्याचे पीठ, काकवी, यीस्ट, अगर आणि बुरशी लागू नये म्हणून थोडे रसायन. पातेल्यात ते रटरटू लागले की साऱ्या मजल्यावर गोडसर, किंचित आंबूस वास पसरतो. संकरासाठी मादी माशी कोरी, म्हणजे नराशी समागम न झालेली, असावी लागते; त्यासाठी कोशातून बाहेर पडल्यापासून साधारण आठ तासांच्या आत ती वेगळी काढावी लागते. म्हणून विद्यार्थी सकाळी नळ्या रिकाम्या करतात आणि दुपारी पुन्हा येऊन नव्याने बाहेर पडलेल्या माद्या वेचतात. माश्यांना कार्बन डायऑक्साइडने गुंगी देऊन पांढऱ्या सच्छिद्र पाटावर पसरायचे, भिंगाखाली धरायचे, आणि बारीक कुंचल्याने नर एकीकडे, माद्या दुसरीकडे करायच्या. पोटावर अजून दिसणारा हिरवट-काळा ठिपका ही कोऱ्या माशीची खूण. पहिल्या आठवड्यात मुलांना एक नळी निवडायला अर्धा तास लागतो. उन्हाळा संपता संपता तेच काम बोलता बोलता होते. या कामाला पैसा फारसा लागत नाही. लागतो तो वेळ, आणि त्या वेळात शेजारी बसलेला शिक्षक.

पैसा लागतो तो दुसरीकडे. उणे ऐंशी अंशांचा फ्रीझर दहा-पंधरा हजार डॉलरचा, आणि त्यात कित्येक वर्षांचे नमुने. त्याचा कॉम्प्रेसर एखाद्या सुट्टीत बंद पडला, तर मोठ्या विद्यापीठात शेजारच्या मजल्यावर दुसरा फ्रीझर असतो. आमच्याकडे प्राध्यापक बर्फाच्या पेट्या घेऊन रसायनशास्त्र विभागाच्या दाराशी जातात. सूक्ष्मदर्शकाची गोष्ट याहून बिकट. एनएसएफची मोठ्या उपकरणांसाठीची योजना छोट्या कॉलेजांना चांगली साथ देते, पीएच.डी. न देणाऱ्या संस्थांना त्यात पूर्वीपासून स्वतःचा ३० टक्के वाटा उचलण्याची अट नव्हती. त्यामुळे लेझरवर चालणारा कॉन्फोकल सूक्ष्मदर्शक येतो, उद्घाटन होते, छायाचित्रे निघतात. पण वार्षिक देखभालीच्या कराराचे काही हजार डॉलर दरवर्षी कुठून आणायचे, याचे उत्तर कोणाकडे नसते, आणि लेझर गेल्यावर लाखो डॉलरचे यंत्र झाकण घालून कोपऱ्यात पडलेले मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिले आहे. अनुदान देणाऱ्यांना नवे यंत्र द्यायला आवडते, जुने चालू ठेवायला नाही. माझ्या मते छोट्या कॉलेजांच्या बाबतीत हा प्राधान्यक्रम उलटा हवा: वर्षाला दहा-वीस हजार डॉलर, पण खात्रीने, दहा वर्षे मिळत राहिले, तर एकदाच मिळालेल्या पाच लाखांपेक्षा त्यांतून अधिक काम होईल. आर-१५ संपून दुसरे मिळेपर्यंत मध्ये एक-दोन वर्षांची खिंड पडते तेव्हा हे प्रकर्षाने जाणवते. मोठ्या प्रयोगशाळेत दुसऱ्या अनुदानावर तोंडमिळवणी करता येते. आमच्याकडे माश्यांचे वाण जिवंत ठेवण्यापलीकडे काही होत नाही, आणि त्या दोन वर्षांत शिकणाऱ्या विद्यार्थ्यांची संधी कायमची हुकते.

खर्च वाटून घेणे हा यावरचा एक उपाय, आणि जीवशास्त्रात तो सुंदर रीतीने साधला गेला आहे. पिट्सबर्ग विद्यापीठातील ग्रॅहम हॅटफुल यांच्या कामातून उभा राहिलेला आणि हॉवर्ड ह्यूज संस्थेने २००८ पासून चालवलेला ‘सी-फेजेस’ उपक्रम अनेक छोट्या कॉलेजांत पहिल्याच वर्षाच्या विद्यार्थ्यांना दिला जातो. विद्यार्थी आपल्या परिसरातली माती आणतो, तिच्यातून जिवाणूंना मारणारा विषाणू, म्हणजे फेज, वेगळा करतो, त्याला नाव देतो, त्याचा डीएनए वाचून घेतला जातो, आणि पुढच्या सत्रात तो त्यातली जनुके ओळखून नोंदवतो. हॅटफुल यांच्या प्रयोगशाळेत जमलेल्या अशा हजारो फेजच्या संग्रहातून तीन फेज निवडून लंडनमधील पंधरा वर्षांच्या एका रुग्णावर, कोणत्याही प्रतिजैविकाला दाद न देणाऱ्या मायकोबॅक्टेरियमच्या संसर्गासाठी, उपचार करण्यात आला, आणि २०१९ मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यातला ‘मडी’ नावाचा फेज दक्षिण आफ्रिकेत एका विद्यार्थिनीला कुजलेल्या वांग्यावर सापडलेला होता. असाच दुसरा उपक्रम सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील सारा एल्गिन यांनी २००६ मध्ये सुरू केला, ज्यात देशभरच्या कॉलेजांतील विद्यार्थी फळमाशीच्या निरनिराळ्या जातींतील एका छोट्या गुणसूत्राची नोंद करतात. २०१५ मध्ये निघालेल्या त्यांच्या शोधनिबंधाला हजाराहून अधिक लेखक होते, आणि त्यांतले नऊशेहून अधिक पदवीचे विद्यार्थी. अवजड यंत्रे एका मोठ्या विद्यापीठात, आणि डोळे, हात, वेळ सगळीकडे, ही विभागणी मला फार पटते.

या कॉलेजांतून पुढे कोण आले, हेही सांगितले पाहिजे. टॉमस चेक १९७० मध्ये ग्रिनेलमधून पदवीधर झाले आणि आरएनए स्वतःच रासायनिक क्रिया घडवून आणू शकतो या शोधासाठी त्यांना १९८९ चे नोबेल मिळाले. क्रिस्पर हे जनुकांत हवा तो बदल करण्याचे तंत्र विकसित केल्याबद्दल २०२० मध्ये नोबेल मिळवणाऱ्या जेनिफर डाउडना १९८५ च्या पोमोना कॉलेजच्या पदवीधर, आणि संशोधनाचे पहिले धडे त्यांनी तिथल्याच एका प्राध्यापिकेच्या प्रयोगशाळेत घेतले. १९७५ च्या वैद्यकाच्या नोबेलचे तीन मानकरी होते. त्यांतले हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर हे दोघे स्वार्थमोरचे. चेक यांनीच १९९९ मधल्या एका निबंधात दाखवून दिले होते की, अशा कॉलेजांतून बाहेर पडणाऱ्यांपैकी पुढे विज्ञानात पीएच.डी. करणाऱ्यांचे प्रमाण सर्वसाधारण पदवी संस्थांच्या सुमारे दुप्पट आहे. यावर एक रास्त आक्षेप आहे: हुशार आणि सुस्थितीतील मुलेच या कॉलेजांत जातात, ती कुठेही गेली असती तरी पुढे आलीच असती. हा आक्षेप मी झटकून टाकणार नाही. प्रवेशातली निवड हा त्या दुपटीचा मोठा भाग असणारच. तरी वयाच्या एकोणिसाव्या वर्षी फसलेला प्रयोग चौथ्यांदा करताना शेजारी एखादा अनुभवी माणूस असणे, याचा परिणाम मी इतक्या मुलांवर पाहिला आहे की सगळे श्रेय निवडीला द्यायला माझे मन तयार होत नाही.

इथे एक गोष्ट बोचते. वर ज्यांची नावे घेतली त्यांतल्या ग्रिनेल, पोमोना, स्वार्थमोर, ॲमहर्स्ट यांच्या कायम ठेवी अब्जावधी डॉलरच्या आहेत. अनुदान मिळाले नाही तरी ती आपल्या पैशांतून विद्यार्थ्यांना उन्हाळ्यात ठेवून घेऊ शकतात. त्यांच्यापासून शंभर मैलांवरच्या, तितक्याच मनापासून शिकवणाऱ्या कॉलेजाकडे ही सोय नसते, आणि आज त्यांतली काही बंद पडत आहेत. अलाबामातील बर्मिंगहॅम-सदर्न कॉलेज मे २०२४ मध्ये बंद झाले. बंद होणाऱ्या कॉलेजाबरोबर तिथले माश्यांचे वाण, वनस्पतींचे नमुने, तीस वर्षे एकाच ओढ्यातल्या बेडकांच्या नोंदी ठेवणाऱ्या एखाद्या प्राध्यापकाच्या वह्या, हे सगळे कुठे जाते, याची फारशी कोणी विचारपूस करत नाही.

राज्याच्या सीमेनेही नशीब बदलते. एनआयएचचा निधी ज्या राज्यांना परंपरेने कमी मिळतो, त्यांच्यासाठी १९९३ पासून ‘आयडिया’ ही योजना आहे. मेन राज्य तिच्यात येते. तिथल्या माउंट डेझर्ट बेटावरील जीववैज्ञानिक प्रयोगशाळेने बेट्स, बोडन, कोल्बी अशा कॉलेजांना बरोबर घेऊन जाळे विणले आहे, आणि विद्यार्थी तिथे जाऊन मोठ्या यंत्रांवर काम करतात. ओहायो किंवा पेनसिल्वेनियात मोठी वैद्यकीय विद्यापीठे असल्यामुळे ती राज्ये योजनेबाहेर राहतात, आणि तिथल्या छोट्या कॉलेजांना शेजारच्या श्रीमंत विद्यापीठाची शिक्षा भोगावी लागते.

फेब्रुवारी २०२५ मध्ये एनआयएचने अप्रत्यक्ष खर्चावर, म्हणजे वीज, इमारत, हिशोब, नियमपालन यांसाठी अनुदानावर मिळणाऱ्या जादा रकमेवर, सरसकट १५ टक्क्यांची मर्यादा जाहीर केली, आणि न्यायालयांनी ती रोखली. चर्चा सारी मोठ्या विद्यापीठांची झाली. छोट्या कॉलेजांत हा दर अनेकदा केवळ पगार आणि मजुरीवर आकारला जातो, एकूण खर्चावर नाही; त्यामुळे कागदावर दिसणारा टक्का मोठा वाटला तरी हाती येणारी रक्कम बेताचीच असते. त्यातूनच अनुदानाचे हिशोब पाहणाऱ्या एकुलत्या एक कर्मचाऱ्याचा पगार निघतो. तो माणूस गेला तर प्रस्तावच पाठवता येत नाहीत, मग संशोधनाची कल्पना कितीही चांगली असो.

महाराष्ट्रातील वाचकांना यातले बरेच ओळखीचे वाटेल. मी पुण्यात बी.एस्सी. केले तेव्हा प्रॅक्टिकल म्हणजे ठरलेले प्रयोग, जर्नलवर सही आणि वर्षाखेरीस बाहेरचे परीक्षक, असाच क्रम होता. ज्याचे उत्तर शिक्षकांनाही ठाऊक नाही असा प्रश्न त्या तीन वर्षांत माझ्यासमोर आला नाही. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २००८ मध्ये पदवी कॉलेजांसाठी ‘स्टार कॉलेज’ योजना आणली, आणि तिच्यामुळे कित्येक प्रयोगशाळांत निदान चालती उपकरणे आली. पण उपकरण आल्यावर ते हाताळायला शिक्षकाला आठवड्यातली एक दुपार मोकळी मिळते का, हा प्रश्न तिथेही उरतोच, आणि इथेही.

मुलांसाठी कॉलेज निवडणारे पालक मला विचारतात तेव्हा मी त्यांना हर्डच्या यादीत क्रमांक शोधू नका असे सांगते. जीवशास्त्र विभागाला थेट पत्र लिहून विचारा: गेल्या उन्हाळ्यात किती विद्यार्थ्यांना विद्यावेतन देऊन प्रयोगशाळेत ठेवले, आणि त्यांतले किती जण पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षाचे होते? हे पैसे अनुदानातून आले की कॉलेजच्या स्वतःच्या निधीतून, म्हणजे अनुदान संपले तर पुढच्या उन्हाळ्यात काय होईल? गेल्या पाच वर्षांत निघालेल्या शोधनिबंधांत विद्यार्थी सहलेखक किती? मोठा सूक्ष्मदर्शक आहे असे संकेतस्थळावर लिहिले असेल, तर तो चालू आहे का, आणि पदवीच्या विद्यार्थ्याला तो स्वतः वापरू देतात का? बहुतेक विभाग या पत्राला आठवड्याभरात, मनापासून आणि तपशीलवार उत्तर देतात, आणि ज्या विभागाकडून उत्तर येत नाही त्याच्याबद्दलही पुरेसे कळलेले असते.